निळ्या दोऱ्याचा मरळ

दुकानदार सुभाषने काउंटरवर एकेक आमिष मांडायला सुरुवात केली आणि साधनाचे डोळे भिरभिरायला लागले. आळेफाट्यावरच्या गॅरेजात पार्टच्या काउंटरवर बसणारी ही पोरगी, नुसत्या हातात घेऊन क्लच प्लेट अजून किती चालेल ते सांगायची. पण चार दुकानं सोडून मासे धरायचं एवढं लटांबर मिळतं, हे तिच्या गावीही नव्हतं. माशाला भुलवायचे लखलखणारे चमचे काय, डोळे वटारलेले प्लास्टिकचे मासे काय! खिशात मात्र तीनशे रुपये, आणि पगार पुढच्या आठवड्यात.

"मरळ धरायचाय ना ताई? मग हा चमचा घ्या. पाण्यात असा फिरतो की..."

"आमच्या तळ्यात शेवाळ हाय भाऊ, वरून पाणगवत. पहिल्याच फेकीला गुंतून बसंल."

"मग हा मासा."

साधनाने मासा उलटा केला. पोटाखाली तीन-तीन तोंडांचे दोन गळ लोंबत होते. "यानं त्याचा जबडा फाटंल की! मला मासा सोडून द्यायचाय."

पैसे खर्च करून मासा धरायचा आणि सोडून द्यायचा, असं गिऱ्हाईक सुभाषच्या दुकानाची पायरी पहिल्यांदाच चढलं होतं.

पण साधनाचं काम तेच होतं. तिचे वडील गेणभाऊ महाळुंगे पडवळच्या तळ्यावर उभी हयात मरळ धरत आले. बांबूची काठी, गळाला जिवंत बेडूक, की झालं. गेल्या वर्षी साधनाच्या आईने, गोजरबाईने, हट्टच धरला आणि गेणभाऊंच्या गळ्यात तुळशीची माळ पडली. मासे सुटले, मटण सुटलं, त्याचं त्यांना काही वाटलं नाही. वाटलं ते वेगळंच. माळ घालायच्या आदल्या दिवशी एक थोराड मरळ त्यांचा दोरा तोडून गेला होता, तोंडात गळ घेऊन. मरळाला हवा घ्यायला वर यावंच लागतं. तो वर आला की जबड्यातून वीतभर निळा दोरा लोंबताना दिसायचा. गेणभाऊ रोज संध्याकाळी बांधावर बसून ते बघायचे आणि घरी येऊन अर्धी भाकरी ताटात ठेवून उठायचे. "गळ्यात माळ माझ्या, अन् गळ त्याच्या तोंडात माझाच," एवढंच एकदा बोलले. काढायचा तर मासा धरायला हवा, धरायचा तर बेडूक टोचायला हवा, आणि बेडकाचा जीव आता त्यांच्याने घेववत नव्हता.

आणि परवा कुणाच्या तरी मोबाइलवर साधनाने रबरी बेडूक पाहिला! तेव्हापासून तिचा पाय जमिनीवर ठरत नव्हता.

सुभाषने बेडकांचा डबा काढला. देखणा होता तो सहाशेचा, त्याच्याकडे तिने बघायचंच टाळलं. स्वस्तातले तिने एकेक करून चिमटीत दाबले. दाबला की पोट आत जावं आणि पाठीला चिकटलेले गळ बाहेर यावेत. एरवी ते लपलेले, म्हणजे गवतात अडकायचे नाहीत. एक दगडासारखा टणक निघाला, एकाचे गळ हलेचनात. तळाशी एक काळा बेडूक पडला होता, उन्हाने पाठीचा रंग उडालेला. तिने दाबला आणि टचकन दोन्ही गळ वर आले.

"तो जुना माल हाय ताई. रंग गेलाय."

"मासा खालून बघतोय, भाऊ. पाठीचा रंग कुणाला दाखवायचाय?"

अडीचशेला सौदा पटला. गॅरेजात परतल्यावर तिने पक्कड घेतली आणि गळांच्या टोकामागचे उलटे काटे दाबून सपाट केले, म्हणजे गळ जसा शिरेल तसाच अलगद निघेल.

घरी तिने बेडूक पुढे केला तसा गेणभाऊंनी हात मागे घेतला. "माळकऱ्याच्या हातात गळ देतीस व्हय गं?"

"आबा, हा एक गळ घातल्याबिगर त्याच्या तोंडातला तुमचा गळ निघायचा नाय."

गेणभाऊंनी हळूच बेडूक उचलला, उलटसुलट केला आणि नाक मुरडलं. "ह्याचं पाय दोनी सारखंच. मरळ लंगड्या बेडकावर आधी झडप घालतो. कात्री आण." एक पाय त्यांनी बोटाच्या पेराएवढा कापला. साधनाला हसू आवरेना. बेडकात खोट काढली, म्हणजे आबा तयार झाले!

रविवारी सकाळी आढ्यावरची काठी खाली आली. गेणभाऊ "नुसतं बघायला" आले होते. साधना बेडूक पाणगवतावर नाचवायला लागली आणि बांधावरून सूचनांचा भडिमार सुरू झाला. "हळू! अगं, लंगडा बेडूक अशा उड्या मारतो का? थांबव! आता सरकव! अगं सरकव म्हणलं ना!" शेवटी त्यांनी काठी तिच्या हातातून हिसकावूनच घेतली.

बेडूक एका पानावरून टुपकन पाण्यात उतरला, लंगडत दोन हात गेला आणि थांबला. मागचं गवत हललं.

"ओढा आबा!"

"गप."

पाणी फाटलं. बेडूक दिसेनासा झाला. गेणभाऊ हलेचनात. त्यांनी एक सावकाश श्वास घेतला, सोडला, आणि मग काठी वर उचलली. बांबू कमानीसारखा वाकला. "हायला! त्योच हाय! साधे, दोरा बघ, निळा दोरा!"

ती कपड्यांनिशी कमरेइतक्या पाण्यात शिरली. बाप काठी सांभाळत होता, लेक ओढणीत मासा गुंडाळत होती, दोघंही एकाच वेळी ओरडत होती. नवा गळ बोटाने सुटला. जुना गंजून जबड्यात रुतला होता. गेणभाऊंनी साधनाने आणलेल्या पक्कडीने तो कापला आणि दोन तुकडे ओढून काढले. मरळाने शेपटी हाणली, दोघांना चिखलाने माखलं आणि गेला.

संध्याकाळी तिघंही बांधावर बसली होती. गोजरबाईला काही ठाऊक नव्हतं; बापलेक हसतात कशाला, एवढंच बघायला ती आली होती. बराच वेळ पाणी शांत राहिलं. गेणभाऊ पाण्यावरची नजर हलवत नव्हते. जगला असेल ना?

भुळ्ळ करून काळं डोकं वर आलं, हवा प्यालं आणि खाली गेलं. जबडा मोकळा होता.

"दोरा नाय!" गेणभाऊ ताडकन उठले. "साधे, दोरा नाय!" बांधावरून जाणारी माणसं थांबून बघायला लागली, तरी ते ओरडतच राहिले. मग खाली बसून त्यांनी बायकोला सगळं सांगितलं, पार बेडकाच्या पायापासून.

गोजरबाईने ऐकून घेतलं. पाण्याकडे बघत ती हळूच म्हणाली, "केवढा मोठा व्हता वं! अन् तुमी सोडला?"

गेणभाऊंना इतकं हसू आलं की डोळ्यांतून पाणी आलं. त्या रात्री ताटात भाकरी उरली नाही, उलट त्यांनी अजून एक मागून घेतली.