पाहुणे आले गं

प्राचार्यांनी चहा मागवला तेव्हाच बाईंना संशय आला. एकोणीस वर्षांत या माणसाने त्यांना कधी पाणी विचारलं नव्हतं, आणि आज कपबशी, बिस्किटं, वर "बसा ना मॅडम" असा सगळा थाट.

"पद मंजूर झालं," प्राचार्य म्हणाले. "महिला बास्केटबॉल प्रशिक्षक. कायमस्वरूपी."

बाईंनी कप खाली ठेवला. एकोणीस वर्षं त्या 'प्रभारी' होत्या. प्रभारी म्हणजे राबायचं आपण आणि खुर्ची राखून ठेवायची कुणा भलत्यासाठी. चेंडू अंगावर आला की डोळे गच्च मिटणाऱ्या पोरींना घेऊन त्यांनी संघ उभा केला होता. संध्याकाळी हॉल मुलांच्या संघाला, म्हणून मुलींचा सराव पहाटे साडेपाचला. छत गळायचं, तिथे बाई स्वतः बादली ठेवायच्या आणि पोरींना सांगायच्या, बादलीला वळसा घालून ड्रिबल करा. त्या वळशांतून तयार झालेला संघ यंदा पहिल्यांदाच अंतिम फेरीत पोहोचला होता. सामना चार दिवसांवर होता.

"समितीने मुलांच्या संघाच्या सहायक सरांना निवडलंय," बिस्किट चहात बुडवत प्राचार्य म्हणाले. "तरुण आहेत, डिप्लोमा केलाय. तुमची तर तीनच वर्षं राहिली. तुम्ही सहायक म्हणून शेजारी बसा. अंतिम सामन्यापासूनच सुरुवात करू, सरांना बोहनी चांगली होईल."

बिस्किट तुटून चहात पडलं. बाईंना तेवढंच बरं वाटलं.

"आणि ते तुमचे शब्द आहेत ना, ते तेवढे सरांना लिहून द्या."

ते शब्द म्हणजे बाईंचं घरगुती शास्त्र. पुस्तकातल्या डावांची नावं सगळ्यांनाच ठाऊक, म्हणून त्यांनी आपली वेगळी केली होती. 'दार लावा' म्हणजे पाचही जणींनी बास्केटखाली भिंत करायची. 'केर काढा' म्हणजे चेंडू मिळताच सुसाट धावायचं. आणि 'पाहुणे आले' म्हणजे समोरच्या प्रत्येकीला एकेकीने मैदानभर चिकटायचं, श्वास घेऊ द्यायचा नाही. ऐकणारे हसायचे. पण हरून जाताना त्यांचं हसू मावळलेलं असायचं.

घरी बाई यादी लिहायला बसल्या. रागाने पेनचं टोक कागदात घुसत होतं. नवऱ्याने मागून डोकावून पाहिलं. तो घड्याळं दुरुस्त करणारा, बारीक चूकही त्याच्या नजरेतून सुटत नसे.

"'दार लावा' म्हणजे सुसाट धावा? अगं, पोरी दारावर आपटतील की!"

"आपटू दे. तोंडघशी पडेल तो."

"तो कशाला पडतोय? तो बाकाशी उभा असेल. पडतील पोरी."

बाईंनी कागद टराटरा फाडला. नवऱ्याचं खरं होतं, याचा त्यांना आणखीच संताप आला. दुसऱ्या कागदावर त्यांनी एकेक शब्द अर्थासकट, अगदी खरा खरा लिहून दिला.

सामन्याआधी गुणपत्रकावर 'प्रशिक्षक' या रकान्यात नव्या सरांनी झोकात सही केली. मग सुरुवातीच्या पाच जणींच्या नंबरांवर खुणा करताना हळूच विचारलं, "मॅडम, सहा नंबर कोण?" सहा नंबर म्हणजे कर्णधार. हाडं मोजून घ्यावीत इतकी बारीक, म्हणून सगळे तिला 'काडी' म्हणायचे. तिला खेळू द्यावं म्हणून आईची समजूत काढायला बाई सात वेळा तिच्या घरी गेल्या होत्या. आणि हा विचारतोय, सहा नंबर कोण!

"तुम्ही बसूनच राहा हं, मॅडम," सर म्हणाले. "बाकाजवळ एकाच प्रशिक्षकाला उभं राहता येतं. नियम आहे."

बाई बसल्या. पोरी शिकवल्याप्रमाणे खेळत राहिल्या आणि सर टाय सावरत टाळ्या वाजवत राहिले. शेवटची दोन मिनिटं उरली तेव्हा संघ पाच गुणांनी मागे होता. सरांनी खिशातून यादी काढली, वाचली आणि ओरडले, "पाहुणे आले!"

एकही पोरगी हलली नाही.

"पाहुणे आले! पाहुणे आले!" सरांचा घसा फाटायची वेळ आली. काडीने बाकाकडे एक नजर टाकली आणि जागेवरच थांबली. समोरच्यांनी निवांतपणे चेंडू आणून बास्केट केली. सात गुण.

आणि बाईंच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. इतक्या वर्षांत हे शब्द इतर संघांनाही पाठ झाले होते. म्हणून बाई मधूनमधून उगाच काहीतरी ओरडायच्या, समोरच्यांना चकवायला. खरी हाक असेल तेव्हा शेवटी 'गं' यायचा. 'गं' नसेल तर पोरी ढिम्म हलायच्या नाहीत. बाईंनी तो लपवला नव्हता. तो लिहायचा असतो हेच त्यांना सुचलं नव्हतं.

"गं म्हणा," त्या घाईने म्हणाल्या.

"काय?"

"पाहुणे आले गं. शेवटी गं लावा."

सरांचे कान लाल झाले. "मॅडम, मी विद्यार्थिनींना अगं-तुगं करत नाही. आणि ही थट्टेची वेळ आहे का?"

बाई उठल्या. पंच धावता धावता त्यांच्याकडे बोट करून ओरडला, "एकानेच उभं राहायचं!"

"मॅडम, बसा!" सर म्हणाले.

बाई सरांकडे वळल्या. "तुम्ही बसा. आमच्याकडे पाहुण्यांना उभं ठेवत नाहीत."

पंचाचा हात शिट्टीकडे जाताना दिसला आणि सर मटकन खाली बसले.

"पाहुणे आले गं!"

पोरी अशा सुटल्या की समोरच्यांना चेंडू कुठे टाकावा कळेना. काडीने दोनदा चेंडू हिसकावला. फरक पाच गुणांवर आला, मग तीन, मग एक. काडीच्या हातातून शेवटचा चेंडू सुटला तेव्हा भोंगा वाजून गेला होता. चेंडू बास्केटमध्ये पडला, पण गुण धरले गेले नाहीत.

पोरी एका गुणाने हरल्या.

बाई जवळ गेल्या तर काडीने त्यांचा हात झटकला. डोळ्यांत पाणी होतं, पण आवाजात नुसता जाळ होता. "बाई, इतका वेळ बसून का राहिलात?"

बाई एकट्याच चेंडू गोळा करत राहिल्या.

तिसऱ्या दिवशी शिपायाने नोटीस आणून दिली. अपुरी माहिती देणे, सामन्यादरम्यान बेशिस्त. 'सबब, महिला बास्केटबॉल संघाच्या प्रशिक्षक या नात्याने पराभवाची संपूर्ण जबाबदारी आपली आहे.' खाली सही, शिक्का.

बाईंनी ती ओळ दोनदा वाचली. प्रभारी नाही, सहायक नाही. प्रशिक्षक! पोरी जिंकल्या असत्या तर सरांची बोहनी, आणि हरल्या तर यांना एका रात्रीत प्रशिक्षक सापडली.

त्या तडक प्राचार्यांच्या खोलीत गेल्या आणि नोटीस त्यांच्या टेबलावर आपटली. कपबशी खणखणली.

"जबाबदारी मान्य आहे. प्रशिक्षक मीच, तुम्हीच लिहून दिलंत. आता नेमणुकीचा कागदही याच नावाने काढा."

प्राचार्य गडबडले. "मॅडम, आधी बसा बघू. शांतपणे बोलू."

"बसल्यामुळेच हरलो, साहेब," बाई म्हणाल्या आणि उभ्याच राहिल्या.