तीन फोन आणि एक खिसा

गेल्या आठवड्यात सुईणबाईंचा फोन पिशवीच्या तळाशी वाजत राहिला आणि बाई आपल्या सायकल मारत राहिल्या. पोहोचल्या तेव्हा बाळ रडून रडून झोपलंही होतं. सगळं सुखरूप होतं, पण बाईंच्या जिवाला चुटपुट लागली. आता टेकडीवरच्या पहिलटकरणीचे दिवस भरत आले होते. पोर अंगाने नाजूक, घरात दुसरं माणूस नाही. तिची हाक चुकली तर?

फोनच्या दुकानदाराने तीन फोन हातात ठेवले. "माझी दोन्ही पोरं तुमच्याच हातची. तुमचं सिम घालून वापरून बघा, एक ठेवा."

बाईंपेक्षा त्यांच्या नवऱ्यालाच हौस दांडगी. ते शिंपी. सगळे त्यांना मास्तर म्हणत, चिडल्यावर बाईसुद्धा. गळ्यातली टेप काढून त्यांनी तिन्ही फोनांची मापं घेतली, खडूने टेबलावर लिहिली.

पहिला फोन रुंद, ताटलीएवढा. अक्षर दुरून दिसे, पण एका हाताने ताटली धरावी की सायकल? दुसरा सडपातळ, देखणा. ओल्या बोटांना ओळखच देईना, साबणासारखा निसटे. तिसरा बुटका, जाडजूड, बटणांचा. पडला, आपटला, तरी हूं की चूं नाही.

मास्तर दर तासाला आपल्या शिवणाच्या दुकानातून फोन लावत. दुपारी जेवायला घरी आल्यावर विचारत, "आला ऐकू?"

"कुठला! तिन्ही तसलेच, मुके."

मास्तर विचारात पडले. "अगं, पण घोडं पेंड कुठं खातंय? वाजतो तेव्हा असतो कुठे तो?"

"पिशवीत. टॉवेलांच्या खाली."

"तिथे का?"

"मग ठेवू कुठे? बायकांच्या कपड्यांना खिसे शिवलेत कधी तुम्ही, मास्तर?"

तीस वर्षं मशीन चालवणारे मास्तर उठून खुंटीपाशी गेले. मग त्यांनी बाईंचा सायकलवरचा सुती कोट ओढला आणि खांद्याच्या खाली, छातीपाशी, जाड्या फोनच्या मापाचा खिसा शिवला. फोन आत सरकवला. दुसऱ्या खोलीतून नंबर लावला.

"अहो, गुदगुल्या होतायत!" बाई हसल्या. पण फोन काही बाहेर निघेना.

"सैल किती सोडलंत?"

मास्तरांनी जीभ चावली. 'अंगाला श्वास घ्यायला दोन बोटं सोडावीत' असं उभ्या गावाला सांगणारा माणूस मापाच्या नादात स्वतःच विसरला होता. ते कात्री शोधू लागले, तोच खिसा पुन्हा थरथरला.

या वेळी मास्तरांचा हात फोनवर नव्हता.

बाईंनी कापडावरूनच बोट फिरवलं. पडद्याखालचं डावं बटण, दाबलं. कोट वर ओढून कान खिशाला लावला.

"बाई... सुरू झालंय."

"निघाले गं पोरी. बस तू, घाबरू नको."

संध्याकाळी सायकल दारात टेकली. मास्तर कात्री घेऊन उभेच होते.

"काय झालं?"

"मुलगी. पाणी उकळेपर्यंत मला वेळ दिला तिने." बाईंनी खिशावर हात ठेवला. "आणि ती कात्री ठेवा बघू. अख्खी टेकडी चढले, उतरले, जागचा हलला नाही."

"अगं, पण चार्जिंगला काढणार कसा?"

बाई दारातच थबकल्या. मग दोघंही कोटाकडे बघत राहिले.