खाली कॅसेट

एका जागी दहा मिनिटं बसावं लागलं की माझे पाय आपोआप हलायला लागतात. आई म्हणते, लहानपणी मला भरवायला ती वाटी घेऊन ग्वाल्हेरचा अख्खा खासगी बाजार फिरली आहे. आणि अशा मला छंद जडला तो जुनी यंत्रं उघडून बसायचा, ज्यात बसण्याखेरीज दुसरं काही नसतं. हातात धरून खेळायचे जुने व्हिडिओगेम, टीव्हीला जोडायचे पुराणे कॉम्प्युटर असलं काहीबाही मी गोळा करते, त्यांच्या पोटात नवीन वायरी जोडते आणि त्यांच्यावर गाणी वाजवते. कॉलेजच्या लॅबमधली नोकरी सांभाळून हे करते, म्हणून घरचे गप्प आहेत.

हा छंद माझ्यात आला तो रमाकांतमामांकडून. ते बिड़ला नगरच्या गिरणीत इलेक्ट्रिशियन होते. तिथला एक इंजिनिअर गाव सोडून जाताना आपला घरगुती कॉम्प्युटर त्यांना देऊन गेला. तो टीव्हीला आणि टेपरेकॉर्डरला जोडायचा, म्हणजे त्यातलं काम साध्या कॅसेटवर साठवता यायचं. मामांनी पुस्तक वाचून वाचून त्यावर एक धून बांधली, प्रत्येक सुराला एक आकडा देऊन. धून दोन पदरी होती. एक सूर वर चालणारा, एक त्याच्या खालून. पण मशीनला एका वेळी एकच सूर काढता यायचा, त्यामुळे मामा कधी वरचा भाग वाजवत, कधी खालचा. दुसरं मशीन मिळालं की दोन्ही एकदम ऐकायचे, असं ठरलं होतं. मग गिरणी बंद पडली, मामा भोपाळला गेले आणि कॉम्प्युटर खोक्यात बंद होऊन आमच्या माळ्यावर गेला. स्वतः बांधलेली धून त्या माणसाने पस्तीस वर्षांत एकदाही पूर्ण ऐकली नव्हती.

गेल्या महिन्यात त्यांचा फोन आला. "अपर्णे, माझे कान चालले गं. डॉक्टर म्हणाले, वरचे सूर आधी जातात. तुझ्याकडे दोन मशीनं आहेत ना? मग जे ऐकवायचं ते जल्दी ऐकव." एका नातेवाइकांकडे मुंज होती, तिच्यासाठी ते रविवारी ग्वाल्हेरला येणार होते.

मी कॉम्प्युटर जिवंत केला. एका व्हिडिओगेमला आवाज बाहेर काढणारी वायर जोडली आणि दोघांमध्ये अशी केबल टाकली, की कॉम्प्युटरने ठेका धरला की गेमने त्याच्याबरोबर पावलं टाकावीत. गुरुवारपर्यंत सगळं तयार होतं, फक्त धून मिळत नव्हती. खोक्यात सात कॅसेटी होत्या. पाच भजनांच्या. एकीवर मामांच्या अक्षरात लिहिलं होतं 'वर'. कुणाच्या तरी लग्नातली नवरदेवाची कॅसेट असणार, असं मी धरून चालले. सातवीवर लिहिलं होतं 'खाली'.

ठेका धरायचा माझा प्रोग्रॅम साठवायला मला कोरी कॅसेट हवी होती. नया बाज़ारात चार दुकानं पालथी घातली. शेवटचा दुकानदार हसला आणि म्हणाला, "दीदी, किस ज़माने में हो?" चिडून घरी आले तर समोरच 'खाली' पडलेली. लावून तीन-चार सेकंद ऐकली. नुसती खरखर. झालं, खालीच आहे म्हटलं आणि माझा प्रोग्रॅम तिच्यावर भरला. एकदा नाही, खबरदारी म्हणून लागोपाठ चारदा.

शुक्रवारी मामांना फोन केला. "मामा, धुनेची कॅसेट कुठे दिसत नाहीये."

"मतलब? दोन्ही त्याच खोक्यात आहेत. वरचा भाग एकीवर, खालचा दुसरीवर. मी लिहिलंय की मोठ्या अक्षरात. वर, खाली."

काहीतरी बोलून फोन ठेवला. मग ती कॅसेट लावली. कॉम्प्युटरची कॅसेट नुसती ऐकली तर कुकरची शिट्टी अडकल्यासारखी किंचाळते. किंचाळली, पण ते किंचाळणं माझ्या प्रोग्रॅमचं होतं. आणखी दहा सेकंद ऐकायचा धीर धरला असता तर गुरुवारीच मामांचं ऐकू आलं असतं. उलटून दुसरी बाजू शेवटपर्यंत ऐकली. ती मात्र खरंच खाली होती.

'वर' पहिल्या फटक्यात चालली, याचा तर मला रागच आला. पुढचे दोन दिवस मी घरभर फिरत होते. गच्चीवर जायचं, खाली यायचं, चप्पल घालून नया बाज़ारपर्यंत जायचं, काही न घेता परत यायचं. आई म्हणाली, "सांगून टाक त्यांना. किती परेशान होशील?" पण फोन हातात घेतला की मी तो परत ठेवत होते. स्वतःची इतकी शरम मला कधी वाटली नव्हती.

रविवारी अकरा वाजता मामा आले. नवा शर्ट, कानात मशीन. पाणीसुद्धा न पिता टीव्हीसमोरच्या खुर्चीत जाऊन बसले. मी उभ्या-उभ्याच सांगून टाकलं.

"अगं, खाली म्हणजे खाली!" मामा म्हणाले.

"मामा, इथे खाली म्हणजे रिकामी."

"मी मराठीत लिहिलं होतं."

"आणि मी हिंदीत वाचलं."

रागावले असते तर बरं झालं असतं. "पस्तीस वर्षं सांभाळली गं," एवढंच म्हणाले आणि उठून दाराशी चपला शोधायला लागले. आई म्हणत होती, "दादा, जेवून तर जा." काय करावं ते मला सुचेना. माझे हात गप्प बसत नाहीतच, मी कॉम्प्युटरचं बटण दाबलं. वरचा भाग सुरू झाला.

एका पायात चप्पल घालून मामा थांबले. दाराला धरून गुणगुणायला लागले. मला वाटलं, तेच गुणगुणताहेत. पण नाही, त्यांचं काही वेगळंच चाललं होतं, त्याच्या खालून.

"मामा, हे काय गाताय?"

"खालचा," ते म्हणाले, जसं मला ते माहीतच असायला हवं. "मशीन एक द्यायचं, दुसरा मी द्यायचो."

"म्हणजे तुम्ही दोन्ही एकदम ऐकलेत की!"

"गाणारा ऐकतो थोडंच? तो निभावतो."

मी त्यांची चप्पल काढली आणि त्यांना पुन्हा खुर्चीत बसवलं. कॉम्प्युटर वरचा भाग वाजवणार, मामा खालचा गाणार आणि मी तो सूर-सूर पकडून गेममध्ये भरणार. एक ओळ भरायची, पुन्हा मागून लावायचं. जेवणाची वेळ टळून गेली. पोळ्या गार झाल्या म्हणून आई दोनदा ओरडून गेली आणि तिसऱ्यांदा स्वतःच येऊन बसली.

मध्यावर एका जागी मामा अडले. पुन्हा लावलं, पुन्हा तिथेच. तिसऱ्यांदा ते वैतागून म्हणाले, "मशीन बंद पडतंय का गं इथे?"

मशीन बंद पडलं नव्हतं. तिथे धून एकदम उंच चढत होती. मला ऐकू येत होती, आईला ऐकू येत होती. आईने माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

"हो मामा, थोडं अडकतंय. एक मिनिट," मी म्हणाले. प्रोग्रॅममध्ये एक ओळ घातली. प्रत्येक आकड्यातून बारा वजा. अख्खा वरचा भाग एक सप्तक खाली आला. पुन्हा लावलं.

"हां, आता आलं," मामा म्हणाले आणि त्या जागेतून गात पार झाले.

चार वाजता काम संपलं. खालचा भागही मी एक सप्तक उतरवला आणि दोन्ही मशीनं तयार ठेवली. "मामा, आता गायचं नाही. फक्त ऐकायचं." त्यांनी शहाण्या मुलासारखे ओठ मिटले आणि हात गुडघ्यांवर ठेवले. मी बटण दाबलं.

खरं सांगायचं तर धून साधीच होती. शाळेच्या बँडला शोभेल अशी. पण दोन सूर एकमेकांना सांभाळत चालले होते आणि मामांचे डोळे वाहत होते. शेवटाकडे एका जागी दोघे कचकन आपटले, साफ बेसूर. मी दचकले, कारण चूक माझी असणार. मामा मात्र खो-खो हसायला लागले.

"ही माझीच चूक! इतकी वर्षं पताच नाही लागला. कसा लागणार? दोघं भेटलेच नव्हते!"

"सुधारू का?"

"बिल्कुल नाही. पुन्हा लाव."

सात वेळा लावलं. मग मी खालचा भाग आकड्यांत लिहून त्याच कॅसेटच्या कोऱ्या बाजूवर साठवला, आणि या वेळी शेवटपर्यंत ऐकून खात्री केली. तोवर माझ्या लक्षात आलं, की सकाळपासून माझा पाय एकदाही हलला नव्हता.

निघताना मामांनी पेन मागितलं. चष्मा चढवून, 'खाली' या शब्दाखाली बराच वेळ काहीतरी लिहिलं आणि कॅसेट माझ्या हातात दिली.

"आता नीट वाच," ते म्हणाले.

लिहिलं होतं, 'रिकामी नाही.'