क्युरिंगची दोन क्रेडिटं

सत्तावीस मेला मी एम.टेक. पास झालो आणि अठ्ठावीस मेला मला पाण्यात ठेवलं. यातली पहिली गोष्ट घडलीच नाही असं धरून चालायचं आहे. विभागात सगळे तसंच धरून आहेत. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी माझ्याशी हात मिळवला होता. माझे गाइड ढोके सर यांनी समोसे मागवले होते, त्यातला एक मी स्वतः खाल्ला होता. पण दुसऱ्या दिवशी ऑफिसातल्या खंडाळकर मॅडमनी माझी फाइल उघडली आणि तो समोसासुद्धा रद्द झाला.

"अडुसष्ट क्रेडिटं झालीत तुमची," मॅडम म्हणाल्या. "सत्तर लागतात. क्युरिंग राहिलंय."

"क्युरिंग क्यूबचं असतं, मॅडम."

"नियम सात-चार वाचा. 'विद्यार्थ्याने अठ्ठावीस दिवस पाण्यात राहून अपेक्षित ताकद प्राप्त केलेली असावी.' क्यूब हा शब्द दिसतो का कुठे?"

दिसत नव्हता.

ज्यांनी सिव्हिल केलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. काँक्रीटचा सहा इंची ठोकळा ओततात, त्याला क्यूब म्हणतात. त्याच्यावर ओतल्याची तारीख रंगवतात, अठ्ठावीस दिवस टाकीत बुडवून ठेवतात, म्हणजे तो कडक होतो. हेच क्युरिंग. मग यंत्रात दाबून फोडतात. किती टनाला फुटला, तो त्याचा निकाल. मी दोन वर्षांत एकशे ऐंशी क्यूब फोडले होते आणि एकाचाही मला राग आला नव्हता.

नागपूरच्या एका कंपनीत मला नोकरी लागली होती. पुलांची डिझाइनं करायची. एक जुलैला पदवी दाखवून रुजू व्हायचं, नाहीतर जागा यादीतल्या पुढच्या माणसाला. अठ्ठावीस मेपासून अठ्ठावीस दिवस म्हणजे पंचवीस जून. वर पाच दिवस उरत होते. मी बोटांवर मोजून खात्री केली. तेव्हा बोटं वेगवेगळी होती.

प्रयोगशाळेतले बोबडे मामा यांनी मला शर्ट काढायला सांगितला आणि पाठीवर लाल ऑइलपेंटनं तारीख रंगवली. मग हाताला धरून टाकीत उतरवलं. बाहेर पंचेचाळीस अंश आणि टाकीत सत्तावीस. मे महिन्यात विदर्भात गळ्याइतकं गार पाणी मिळालं तर माणूस तक्रार करत नाही. मीही केली नाही.

टाकीच्या पलीकडच्या कोपऱ्यात आणखी एक डोकं होतं.

"नवीन का?" डोकं म्हणालं. "मी वृषाली लांजेवार. तुझ्या चार बॅच आधीची."

"चार वर्षं? अठ्ठावीस दिवस आहेत ना, ताई?"

"अठ्ठावीस दिवस झाले की यंत्रात ठेवतात. यंत्र दोनशे टनाचं. मी दोनशे टनाला फुटत नाही. न फुटलेल्याला निकाल नसतो. पुन्हा टाकीत."

"म्हणजे तुम्ही चांगल्या आहात."

"हो," ती म्हणाली. "त्याचाच तर ताप आहे."

पहिले काही दिवस बरे गेले. आईचा फोन आला की मामा तो स्पीकरवर टाकून टाकीच्या कठड्यावर ठेवत.

"आवाज असा काय येतोय रे तुझा?"

"पाण्यात आहे, आई. क्युरिंगला ठेवलंय."

"डोकं पुसत जा नीट. जेवलास?"

"भूक लागत नाही. आतून भरीव वाटतं."

"मग ताक तरी पी."

सातव्या दिवशी क्यूबला दोन तृतीयांश ताकद येते, हे मी परीक्षेत चार मार्कांना लिहिलं होतं. सातव्या दिवशी मी सकाळी गुडघे जवळ घेतले ते परत लांब झाले नाहीत. दहाव्या दिवशी हात छातीला चिकटले. मामा काटकोन तपासायचा गुण्या घेऊन आले, माझ्या खांद्याला लावून पाहिला आणि खूश झाले. "नव्वद अंश! एका बाजूनंबी फट नाई. पाह्य, किती साजरा होऊन रायला तू!"

बाराव्या दिवशी ढोके सर आले. कठड्यावर टेकून त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. मला वाटलं, आता काहीतरी बोलतील.

"आपल्या रिसर्च पेपरला रिव्हिजन आलंय," सर म्हणाले. "बसल्या बसल्या करून टाक."

ते जाताना माझ्या पाठीमागून गेले आणि थांबले. "बोबडे, यावर पंचवीस जून का लिहिलंय?"

मामा अगदी सहज म्हणाले, "फोडाची तारीख हाये ना, सर."

"अहो, ओतल्याची तारीख लिहितात!"

"लिहितात ना. पण या पोराले घाई हाये, म्हून म्या म्हटलं, ध्यानात राहीन."

मामांचा हेतू चांगला होता, हे मी मनातल्या मनात तीनदा म्हटलं. सर घड्याळ बघून निघून गेले. वृषालीताई हसली. हसताना तिच्या गालाचा एक टवका उडून पाण्यात पडला.

"पाठीवरचं वाचतात फक्त," ती म्हणाली. "तुझ्या पाठीप्रमाणे तू पंचवीस जूनला सुरू होतोस. म्हणजे सुटका तेवीस जुलै."

"एक जुलैला रुजू व्हायचंय मला."

"मग पुसून घे तारीख."

मामांनी घासून पाहिलं. आधी टर्पेंटाइन, मग तारेचा ब्रश, मग छिन्नी. वरचा थर निघाला की खाली पुन्हा पंचवीस जून, तितकाच लाल. चौथ्या थराला मामांनी छिन्नी खाली ठेवली. "आरपार गेली हाये. आता आणखी घासलं त तूच उरत नाई बाप्पा."

मी तोंडी अर्ज सांगितला, मामांनी लिहिला आणि वर नेऊन दिला. विसाव्या दिवशी खंडाळकर मॅडम स्वतः खाली आल्या. त्या साडी सावरत माझ्या पाठीमागे गेल्या, चष्मा लावून तारीख वाचली आणि समोर आल्या.

"हा अर्ज घेता येणार नाही. हा विद्यार्थी अजून ओतलेला नाही."

"मॅडम, मी बोलतोय ना तुमच्याशी."

"ते तुमचं तुम्ही बघा. माझ्या रजिस्टरप्रमाणे टाकीत एक लांजेवार आणि पाणी आहे."

"तारखेत चूक झाली आहे. दुरुस्ती होत नाही का?"

"होते की. कोण म्हणतं होत नाही?" मॅडमना वाईट वाटलेलं दिसलं. "दुरुस्तीच्या रजिस्टरमध्ये समक्ष सही करायची. कोरड्या हातानं."

"टाकीबाहेर आलो तर दिवस परत पहिल्यापासून मोजतात."

"अर्थात."

"आणि हात छातीला चिकटलाय."

"ते मेडिकल," मॅडम म्हणाल्या. "मेडिकलची मुदत प्रवेशाच्या वेळी संपते."

त्यानंतर पाणी वाढलं, किंवा मी बसका झालो. हनुवटी ओली राहू लागली. आई फोनवर म्हणाली की कंपनीतून कोणी गोखे म्हणून आहेत, त्यांनी घरी फोन करून टेबल कुठल्या खिडकीजवळ हवं ते विचारलं. "मी रस्त्याकडची सांगितली. चालेल ना?" मी चालेल म्हणालो. ओठांचा खालचा भाग तेवढा हलत होता.

पंचवीस जूनला सकाळी अकरा वाजता प्रयोगशाळेत सगळे जमले. नवीन यंत्र आलं होतं, तीनशे टनाचं. मामांनी साखळीनं वृषालीताईला उचललं, कोरड्या फडक्यानं पुसलं आणि यंत्रात मधोमध बसवलं. काटा चढत गेला. दोनशेला सगळे एक पाऊल पुढे आले. दोनशे चाळीस. दोनशे साठ.

"दुखतंय का, ताई?" मी विचारलं.

"गप रे, मोजू दे," ती म्हणाली आणि फुटली.

फार सुंदर फुटली. चारी बाजू सुटून पडल्या आणि मध्ये डमरूसारखा आकार उरला. पुस्तकात छापलेला असतो तसाच. ढोके सरांनी टाळ्या वाजवल्या, मग सगळ्यांनीच. मामांनी तुकडे घमेल्यात भरले. मॅडमनी पदवी प्रमाणपत्र वर ठेवलं आणि ते उडू नये म्हणून त्यावर तिचाच एक तुकडा ठेवला.

"झालं बाई एकदाचं," घमेल्यातून आवाज आला.

तिचे बाबा स्कूटर घेऊन आले होते. त्यांनी घमेलं पायाशी ठेवलं आणि रुमालानं डोळे पुसले. "हळू चालवा हं, बाबा," ती म्हणाली. "गेटापाशी स्पीडब्रेकर आहे." स्कूटरचा आवाज बराच वेळ ऐकू येत होता.

मग लोक परत आत आले, फक्त बॅगा घ्यायला. मामांनी माझ्या पाठीवरची तारीख पाहिली, भिंतीवरचं कॅलेंडर पाहिलं आणि नियमाप्रमाणे मला आज नव्यानं पाण्यात सोडायला हवं म्हणून साखळीनं वर उचलून पुन्हा खाली सोडलं. या वेळी पाणी नाकाशी आलं. मॅडम पर्स बंद करत होत्या. मामांच्या हातात कुलूप होतं. मी जमेल तेवढं तोंड वर केलं आणि सांगायला लागलो. कोणी लिहून घेत होतं की नाही, मला मान वळवून पाहता आलं नाही.

"प्रति, माननीय विभागप्रमुख. विषय: नमुना वेळेत फोडण्याबाबत. महोदय, मी गेले अठ्ठावीस दिवस आपल्या टाकीत सलग हजर असून माझे सर्व कोन नव्वद अंशाचे आहेत. माझ्या पाठीवरील तारीख माझ्या हस्ताक्षरात नाही. यंत्र सध्या मोकळे आहे. तरी सदर तारीख दुरुस्त झाली असे समजून मला आज, दिनांक पंचवीस जून रोजी, कार्यालयीन वेळेत फोडण्यात यावे, ही नम्र विनंती."