डब्यातले पाणी

डब्याच्या तळाशी साचलेला द्रव पिवळट दुधाळ होता, तीळ वाटून पातळ केल्यासारखा. तेल थोडे, पाणी बरेच. मेकॅनिक हाबेसने गाडीतून काढलेला तो डबा उजेडाकडे तिरपा धरला, तसा द्रव कडेवरून सावकाश ओघळला.

"हाजी, ही काय शर्यतीची गाडी आहे? असले कॅच कॅन टर्बोवाल्यांनी लावावेत. इंजिनाच्या वाफेतलं चमचाभर तेल अडवायला साध्या गाडीला डबा कशाला?"

"चहा गाळणीशिवायही पिता येतो," धियाब म्हणाले. "तू पितोस का?"

हाबेस हसला. धियाबनी इर्बिद शहरात शाळेची बस चालवण्यात आयुष्य घालवले होते आणि हाबेस त्याच बसने शाळेत जायचा. बसला कधी ओरखडासुद्धा उठला नाही, हे धियाब अजून सांगत.

उन्हाळ्यात डोळ्यांच्या डॉक्टरांनी त्यांना गाडी चालवणे बंद करायला सांगितले होते. त्यांनी नाही म्हटले नाही. आधी जैतुनाची फळं उतरवून होऊ दे म्हणाले, मग हिवाळ्यातला पाऊस सरू दे. दर शुक्रवारी ते अजलूनच्या डोंगरातल्या आपल्या जैतुनाच्या मळ्यात जातो म्हणून एकटेच निघत आणि येताना रानभाजीची जुडी आणत. मुलगी मैसून सोबत येते म्हणाली, की मळ्यात तुझे काय काम, असे विचारत. ते परत येईपर्यंत ती खिडकीपाशी बसून राही.

आज तेल बदलायचे होते. ओळखीच्या गल्ल्यांतून, हळूहळू, गाडी त्यांनीच आणली होती. मैसून शेजारी बसली होती.

तिने डबा हातात घेतला. पाणी तपासण्याच्या प्रयोगशाळेत ती नोकरीला होती. डोंगराच्या रस्त्याला इंजिन चांगले तापते, पाण्याची वाफ होऊन निघून जाते, उरते ते काळपट तेल. असे दुधाळ पाणी साचते ते थंडीत जवळच्या जवळ फिरणाऱ्या गाडीत. तिने हाबेसकडे पाहिले. त्याने बोट फडक्याला पुसले.

"काल रस्ता कसा होता, हाजी?"

"धुकं होतं."

काल दिवसभर ऊन होते.

"भाजी कुठली होती, बाबा?" मैसूनने विचारले.

धियाबनी उघड्या बॉनेटच्या कडेवर हात टेकला.

"कब्रस्तानामागची. तिथवरच जातो. गाडी लावतो, बसतो. दुपार झाली की घरी येतो."

हाबेसने डबा धुतला आणि बाजूच्या फळीवर ठेवून दिला.

"लाव परत," धियाब म्हणाले. "पुढच्या शनिवारी बघ, काळं तेल निघेल. मैसून नेणार आहे मळ्यात."

त्यांनी खिशातून किल्ली काढली. मैसूनचा हात नेमका कुठे आहे ते चाचपून तिच्या तळव्यावर ठेवली.

"मी आता गाडी चालवणार नाही."