मागून चालणाऱ्या काकू

काकूंना कुणी चांगलं म्हटलं की बरं वाटायचं, आणि बरं वाटलं की लगेच वाईट वाटायचं. खरोखरचं चांगलं माणूस असं मनातल्या मनात हुरळून जातं का? या प्रश्नाने त्यांचं डोकं उठायचं. टेलिफोन ऑफिसात जन्मभर त्यांनी इकडची माणसं तिकडे जोडून दिली, पण तेव्हा असले प्रश्न पडले नाहीत. पगार मिळत होता ना! निवृत्त झाल्या, स्वयंपाकघराचा ताबा सुनेने घेतला, आणि काकू ‘सोबत’ नावाच्या मंडळात दाखल झाल्या. सून म्हणाली, “भाजा, लष्कराच्या भाकऱ्या भाजा!”

मंडळाचं काम एकच. ज्यांची नजर अलीकडे गेली, त्यांना रस्त्याने एकट्याने चालायला शिकवायचं. आधी आपलं कोपर धरू द्यायचं, मग नुसतं शेजारून चालायचं आणि शेवटी मागून, पाय न वाजवता. माणूस न चुकता पोचू लागला की मंडळाला कळवायचं, “मोकळे झाले.” मग पुढचा माणूस.

काकूंच्या वाट्याला आले घड्याळजी. त्यांच्या घरापासून भावाच्या दुकानापर्यंत, एवढाच रस्ता. बाकीचे लोक दोन-तीन महिन्यांत मोकळे होत. घड्याळजी मात्र वर्ष होत आलं तरी औषधाच्या दुकानापाशी आले की उजवीकडे वळायचं सोडून सरळ मोटारींच्या रस्त्याकडे निघत. काकू धावत जाऊन त्यांचा दंड धरत.

“अहो, इकडे कुठे?”

“चुकलो वाटतं,” घड्याळजी म्हणत.

मग उरलेला रस्ता गप्पांत सरे. भावाच्या दुकानात चहा होई, घड्याळजी जुन्या गिऱ्हाइकांच्या नकला करत आणि काकू पोट धरधरून हसत. खरं सांगायचं तर तो दंड धरताना त्यांना भीतीबरोबर थोडा आनंदही होई, आणि त्या आनंदाची त्यांना फार लाज वाटे.

एके दिवशी मंडळाच्या प्रमुख बाईंनी त्यांना गाठलं. “काकू, घड्याळजींचं कुठवर आलं? एक नर्स महिनाभर ताटकळलीय. नजर गेली बिचारीची. सात वर्षांची मुलगी शाळा सोडून आईचा हात धरून फिरते. दुसरं कुणी रिकामं नाही.”

“अजून कच्चे आहेत हो ते. मोटारीखाली जातील एखाद्या.”

हे काही खोटं नव्हतं. पण बाई नुसतं “बरं” म्हणाल्या तरी काकूंना वाटलं, यांनी ओळखलं. चोराच्या मनात चांदणं!

घरी त्यांनी सुनेपाशी विषय काढला. सून भाजी चिरता चिरता म्हणाली, “मोटारीखाली? तुम्हाला ताप होता तेव्हा आले होते की इथवर चौकशीला. एकटे, रस्ता ओलांडून. तुम्ही झोपला होतात. सांगू नका म्हणाले.”

काकू भडकल्या. म्हणजे हा माणूस वर्षभर आपल्याला नाचवतोय! पण कशासाठी? आपल्याला वाईट वाटू नये म्हणून? की चहाला त्यालाच कुणी हवं म्हणून? आणि आपण तरी, तो चुकला की… पुढचा विचार त्यांनी केला नाही.

दुसऱ्या दिवशी औषधाच्या दुकानापाशी घड्याळजी सरळ निघाले, तेव्हा काकू जागच्या हलल्या नाहीत. कडेला पोचून घड्याळजी थांबले.

“काकू?”

काकू गप्प.

“काकू, आहात ना?”

आवाज घाबरा होता. तो खरा की तीही नक्कलच, हे काकूंना कळेना. त्यांच्या डोळ्यांत मात्र पाणी आलं.

“आहे,” त्या म्हणाल्या. “पण धरणार नाही.”

घड्याळजी काठी टेकत परत आले आणि नेमके त्यांच्यासमोर उभे राहिले. “सूनबाई बोलल्या वाटतं.”

“का केलंत असं?”

“मी मोकळा झालो तर तुम्ही काय करणार, असं वाटलं.”

“म्हणजे माझ्यावर उपकार?”

“तसं म्हणायला बरं वाटतं. पण तुम्ही नसतात तर मी तरी काय केलं असतं? माझं मलाच नीट कळत नाही.”

काकूंनी नर्सच्या मुलीचं सांगितलं.

“म्हणजे आपल्या चहापायी पोरीची शाळा बुडाली,” असं म्हणून घड्याळजी उजवीकडे वळले आणि चालू लागले. काकू मागे गेल्या नाहीत. त्यांनी बाईंना फोन करून कळवलं, मोकळे झाले.

लगेच दुसऱ्या दिवशी त्या नर्सच्या दारात हजर झाल्या. हे तरी निखळ चांगलं काम, असं त्यांना वाटत होतं. निदान तसं वाटावं असं वाटत होतं. दार मुलीने उघडलं. दुसऱ्या हाताने तिने आईची बोटं घट्ट धरली होती.

“आल्या बघ काकू,” आई हसून म्हणाली. “आता उद्यापासून तू शाळेत.”

मुलीने काकूंना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. “पायरी आली की मी आईचा हात दाबते. चढायची असेल तर एकदा, उतरायची असेल तर दोनदा. तुम्हाला येतं?”

“नाही गं. शिकवशील मला?”

“नाही,” मुलगी म्हणाली, आणि आईला घेऊन एक पाऊल मागे सरली.

तिला समजावायला काकू पुढे झाल्या, आणि त्यांना औषधाच्या दुकानापाशी आपण धरलेला दंड आठवला.