बेसिन बंद करू का?

भाच्याच्या रक्तात जंतू सापडले, आणि ते शोधले त्याच्या सख्ख्या आत्यानेच. इस्पितळाच्या प्रयोगशाळेची ती प्रमुख. बाळ जेमतेम आठवड्याचं, आणि ताप काही केल्या उतरेना.

हे जंतू कुठल्या औषधाला दाद देतील, ते उद्या कळणार होतं. तोवर वॉर्डातल्या डॉक्टरांनी नेहमीचं इंजेक्शन चालू केलं होतं.

तिला चैन पडेना. त्याच वॉर्डातली दोन बाळं आधी आजारी पडली होती. त्यांच्या रक्तातले जंतू वाढवलेल्या प्लेटा तिने पुन्हा काढून शेजारी शेजारी ठेवल्या. एकीवर एका जातीचे जंतू, दुसरीवर भलत्याच. परवा नर्सने विचारलं होतं, "मॅडम, वॉर्डातलं बेसिन बंद करू का?" तेव्हा तिने उडवून लावलं होतं, "जंतूच वेगळे आहेत हो! उगाच राईचा पर्वत नको."

आता तिने जात सोडून औषधाच्या चकत्या पाहिल्या. औषध लागू पडलं की चकतीभोवती स्वच्छ कडं उमटतं. दोन्ही प्लेटांवर नेमक्या त्याच चकत्या कड्यावाचून होत्या. तिच्या पायाखालची जमीन सरकली. प्लाझ्मिड! जनुकांचं एवढंसं वेटोळं. परीक्षेत शेजारच्याला उत्तर दाखवावं तसं एक जंतू त्याची नक्कल परक्या जातीलाही देतो, आणि मग औषध दोघांचंही काही वाकडं करू शकत नाही. बेसिनच्या ओल्या नळीत तर हे सहज घडतं. नेहमीचं इंजेक्शनही त्या निकामी औषधांतलंच होतं.

ती धावतच वॉर्डात गेली.

"इंजेक्शन बदला."

"रिपोर्ट कुठाय?" डॉक्टरांनी विचारलं.

"उद्या येईल. बाळ उद्यापर्यंत थांबणार नाही."

"दुसरं औषध मूत्रपिंडाला जड जातं. तुमचा अंदाज चुकला तर?"

"माझ्या नावावर लिहा."

औषध बदललं. बेसिन तिने तिथल्या तिथे बंद करायला लावलं. रात्रभर तिच्या जिवात जीव नव्हता.

सकाळी भाच्याची प्लेट आली. त्याच चकत्या, कडं नाही. वॉर्डात ताप उतरला होता आणि बाळ दूध ओढत होतं. बाहेर भावाने तिचे दोन्ही हात धरले.

"ताई, तू होतीस म्हणून वाचला गं!"

नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं. तिला स्वतःची भयंकर लाज वाटली.

"बेसिन परवाच बंद व्हायला हवं होतं," ती म्हणाली. "नर्स विचारत होती. मीच नको म्हटलं."

भावाने तिचे हात सोडले. मग तो आत बाळाकडे गेला.